दुहेरी कारकिर्दीवर व्याख्यान कसे बांधावे

बडोद्यात दांडिया बाजार, रावपुरा किंवा वाडीतल्या एखाद्या मराठी मंडळात खेळावर बोलायला उभे राहणे हे तसे जोखमीचे काम आहे, कारण समोरच्या दोन-चार वडीलधाऱ्यांनी विजय हजाऱ्यांची फलंदाजी स्वतः पाहिलेली असते आणि उरलेल्यांनी तिच्याविषयी घरात इतक्या वेळा ऐकलेले असते की आपणही ती पाहिली आहे, असे त्यांना वाटू लागलेले असते. अशा श्रोत्यांपुढे माल मेनिंगा या ऑस्ट्रेलियन रग्बी लीगपटूची खेळाडू आणि प्रशिक्षक अशी दुहेरी कारकीर्द तासाभरात मांडण्याचा प्रयत्न मी आजवर तीनदा केला. पहिल्यांदा तो साफ फसला, दुसऱ्यांदा कसाबसा निभावला आणि तिसऱ्यांदा मंडळी शेवउसळीकडे वळली खरी, पण प्रश्न विचारत वळली. ज्यांना परक्या खेळातल्या मोठ्या माणसाविषयी मराठीत बोलायचे किंवा लिहायचे आहे, त्यांच्यासाठी त्या तीन प्रयत्नांतून हाती आलेली पद्धत येथे लिहून ठेवत आहे.

सर्वांत आधी खेळ समजावून द्यावा आणि माणूस मागाहून आणावा. पहिल्या व्याख्यानात मी उलटे केले. ८ जुलै १९६०, क्वीन्सलँड राज्यातले बंडाबर्ग, उसाचा मुलूख, पॅसिफिक बेटांवरून ऊसमळ्यांत राबण्यासाठी आणलेल्या मजुरांच्या वंशातला मुलगा, असा मी थेट जन्मकथेत शिरलो आणि पडद्यावर एक देखणे छायाचित्र दाखवले, ज्यात एक खेळाडू सहकाऱ्यांनी उंच उचलून धरल्यामुळे हवेतच चेंडू झेलत होता. मागच्या रांगेतून, मँचेस्टरला काही वर्षे राहून आलेली एक मुलगी शांतपणे म्हणाली, "काका, हे चित्र रग्बी युनियनचे आहे. लीगमध्ये असे उचलत नाहीत." तिचे बरोबर होते. लीगने बाजूच्या रेषेवरून चेंडू आत फेकण्याची ती रीत १८९७ सालीच मोडीत काढली होती. त्यानंतरचा पाऊण तास मी जे काही बोललो, त्यावर कोणाचा फारसा विश्वास बसला नसावा.

म्हणून दोन रग्बींमधला फरक पहिल्या पाच मिनिटांत सांगून टाकावा. तो सांगताना नियमांपेक्षा कारण आधी सांगितले, तर श्रोत्याच्या लक्षात राहते. उत्तर इंग्लंडमधले खेळाडू कापडगिरण्यांत आणि कोळशाच्या खाणींत काम करणारे होते, शनिवारी सामना खेळायचा तर त्या दिवसाची रोजी बुडे, आणि ती भरून द्यावी ही त्यांच्या क्लबांची मागणी हौशी खेळाचा कैवार घेणाऱ्या संघटनेने धुडकावली. २९ ऑगस्ट १८९५ रोजी हडर्सफील्ड येथील जॉर्ज हॉटेलात त्या क्लबांनी वेगळी चूल मांडली आणि तिच्यातूनच रग्बी लीग जन्मली. पुढे प्रेक्षक तिकीट काढून येत राहावेत म्हणून खेळ मोकळा आणि वेगवान करणे भाग होते. १९०६ साली संघातले खेळाडू पंधरावरून तेरा झाले ते त्यामुळेच. बुडालेली रोजी म्हणजे काय, हे बडोद्यात समजावून सांगावे लागत नाही.

त्यानंतर प्रात्यक्षिक करावे. आपल्याकडे याला सर्वांत जवळचा खेळ कबड्डी आहे, आणि १९२३ साली हुतूतूचे नियम बसवून अखिल भारतीय स्पर्धा भरवणारा हिंद विजय जिमखाना याच गावातला असल्यामुळे श्रोत्यांना ती तुलना घरचीच वाटते. मी चार मुलांना पुढे बोलावतो आणि एकाच्या हाती चेंडू म्हणून सभागृहातली लहान उशी देतो. तो धावतो, दोघे त्याची कंबर आणि पाय धरून त्याला खाली आणतात. कबड्डीत येथे चढाई संपली असती. लीगमध्ये मात्र पकडलेला गडी उठतो, उशी जमिनीवर ठेवून टाचेने मागे सरकवतो, मागे उभा असलेला सोबती ती उचलतो आणि पुन्हा धाव सुरू होते. असे सहा वेळा पकडले जाईपर्यंत चालते. सहाव्या पकडीनंतर चेंडू प्रतिपक्षाचा. म्हणून पाचव्या पकडीनंतर संघ बहुधा चेंडू लाथेने दूर पिटाळतो. मुलांनी हे दोनदा करून दाखवले की जे मला अर्ध्या तासाच्या भाषणात जमले नव्हते, ते तीन मिनिटांत होते. एकच खबरदारी घ्यावी, ती म्हणजे खाली सतरंजी दुहेरी घालावी, कारण मुले पकडीचे नाटक करत नाहीत, खरोखर पकडतात.

गुणांचा हिशेब फळ्यावर लिहूनच ठेवावा. प्रतिपक्षाच्या रेषेपलीकडे चेंडू टेकवला की ट्राय, त्याचे आज चार गुण. ट्रायनंतरची किंवा दंडाची लाथ खांबांमधून गेली की दोन. आणि चालू खेळात चेंडू टप्पा पाडून खांबांमधून मारला की एक. परंतु १९८३ पूर्वी ट्रायचे तीनच गुण होते. ही नोंद क्षुल्लक वाटते, पण तिच्याशिवाय मेनिंगाचा पहिला मोठा सामना उलगडत नाही, हे पुढे दिसेल.

आता टिपणाचा कागद. क्रिकेटवर वाढलेला मराठी लेखक हात आपोआप सरासरीकडे नेतो. लीगमध्ये सरासरीला फारसा अर्थ नाही, आणि एकच आकडा घेऊन बसल्यास माणूस निसटतो. कागद आडवा धरून त्याचे तीन रकाने पाडावेत: क्लब, राज्य आणि देश. आपल्याकडे क्लब क्रिकेट ही खालची पायरी आहे; लीगमध्ये क्लब ही रोजीरोटी आहे, आठवड्यागणिक तेथेच खेळायचे असते, आणि राज्य व देश हे मान आहेत. मेनिंगाच्या पहिल्या रकान्यात ब्रिस्बेनचा साउथ्स, इंग्लंडमधला सेंट हेलेन्स आणि १९८६ पासून निवृत्तीपर्यंत कॅनबरा रेडर्स येतात, दुसऱ्यात क्वीन्सलँड, तिसऱ्यात ऑस्ट्रेलिया आणि १९८२, १९८६, १९९०, १९९४ असे इंग्लंडचे चार कांगारू दौरे, म्हणजे ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय संघाचे दौरे. चार दौरे केलेला तो एकटाच, आणि त्यांतल्या शेवटच्या दोन्हींचा कर्णधारही तोच. तिन्ही रकाने वर्षांच्या ओळीत समोरासमोर भरले की एकाच वर्षी एकीकडे काय आणि दुसरीकडे काय चालले होते, ते एका नजरेत दिसते. सलग जीवनक्रम लिहिताना हेच हरवते.

राज्याचा रकाना श्रोत्यांना सर्वांत जास्त रंगवून सांगावा, कारण त्याचा गाभा बडोद्याच्या मराठी माणसाला रोज ऐकाव्या लागणाऱ्या एका प्रश्नात आहे: तुम्ही मूळचे कुठले? पूर्वी क्वीन्सलँड आणि न्यू साउथ वेल्स यांच्या सामन्यांत, खेळाडू ज्या राज्याच्या क्लबात खेळतो त्या राज्यातर्फे उतरे. सिडनीच्या क्लबांकडे जुगारयंत्रांचा पैसा होता. ते क्वीन्सलँडची चांगली पोरे उचलून नेत आणि मग तीच पोरे आपल्या जन्मभूमीविरुद्ध खेळून तिला हरवत. १९८० साली दोन सामने हरून मालिका गमावल्यावर तिसऱ्या सामन्यासाठी नियम फिरवला गेला आणि ज्याने त्याने आपल्या मूळ राज्याकडून खेळावे असे ठरले. त्याचेच नाव स्टेट ऑफ ओरिजिन. येथे मी एक खोडकर हिशेब मांडतो. हजारे जन्माने सांगलीचे. हा नियम रणजी स्पर्धेला लावला असता, तर १९४७ साली होळकर संघाविरुद्धच्या अंतिम सामन्यात गुल महंमदांसोबत चौथ्या गड्यासाठी त्यांनी केलेली ५७७ धावांची भागीदारी बडोद्याच्या नावावर लागलीच नसती, आणि लाहोरचे गुल महंमद तरी कसे लागले असते? सभागृहात हशा पिकतो, आणि त्या हशातच नियम समजलेला असतो.

यानंतर सामने निवडावेत. निवडावेत म्हणजे खरोखरच मोजके निवडावेत. सगळे सांगू पाहणारा वक्ता एकही सांगत नाही. खेळाडू मेनिंगासाठी मी तीन ठेवतो. पहिला अर्थातच ८ जुलै १९८०, ब्रिस्बेनचे लँग पार्क. तारीख पुन्हा पाहावी: त्या दिवशी मेनिंगाला वीस वर्षे पूर्ण झाली. कर्णधार होता पस्तीस वर्षांचा आर्थर बीटसन, ज्याची बहुतेक कारकीर्द सिडनीत गेली होती आणि जो आता पहिल्यांदाच आपल्या मूळ राज्याच्या गर्द तांबड्या पोशाखात उतरत होता. क्वीन्सलँडने २०-१० ने सामना जिंकला. आता फळ्यावर या आणि गुण फोडून दाखवा. क्वीन्सलँडचे दोन ट्राय, तेव्हाच्या हिशेबाने सहा गुण. उरले चौदा. ते चौदाही मेनिंगाच्या पायाने आले: सात लाथा, सातही खांबांमधून. आजच्या चार गुणांचा हिशेब धरणाऱ्याला हे गणित कधीच जुळत नाही, आणि एका व्याख्यानात एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी ते माझ्याआधी जुळवले, तेव्हा त्यांच्या चेहऱ्यावरचा आनंद पाहण्यासारखा होता.

दुसरा सामना १९८९ च्या सिडनी स्पर्धेची अंतिम फेरी. कॅनबराविरुद्ध मध्यंतराला सिडनीच्या बॅल्मेन क्लबाकडे १२-२ अशी आघाडी होती. उत्तरार्धात बॅल्मेनचा एक गडी रेषेकडे मोकळा सुटला असता, मागून धावणाऱ्या मेनिंगाने झेप घेऊन त्याच्या घोट्याला नुसती टपली मारली आणि तो कोसळला. कबड्डीतला घोटा धरणारा गडी डोळ्यांसमोर आणा. फरक इतकाच की येथे धरायलाही वेळ नव्हता, बोटे लागली तेवढीच. त्यानंतर अगदी शेवटी कॅनबराचा ट्राय झाला, मेनिंगाच्या लाथेने १४-१४ अशी बरोबरी झाली, आणि जादा वेळेत कॅनबराने १९-१४ ने सामना जिंकला. सिडनीबाहेर अजिंक्यपद प्रथमच गेले. या सामन्यात मेनिंगाच्या नावावर ट्राय नाही, आणि म्हणूनच तो निवडावा: हिशेबात न दिसणारी एक टपली सांगितली की श्रोत्याला खेळाडू दिसू लागतो.

तिसरा सामना १९९० च्या दौऱ्यातली दुसरी कसोटी, मँचेस्टरच्या ओल्ड ट्रॅफर्डवर. पहिली कसोटी ऑस्ट्रेलिया हरला होता, दुसरी हरता तर मालिका गेली असती. १०-१० अशी बरोबरी असताना, अखेरच्या क्षणी रिकी स्टुअर्टने आपल्याच अर्ध्या मैदानातून मुसंडी मारली आणि त्याच्या शेजारून धावत आलेल्या मेनिंगाने चेंडू घेऊन रेषा ओलांडली. हा प्रसंग दोन वाक्यांत संपवावा. त्याची चलचित्रे सहज मिळतात, आणि जे दाखवता येते ते बोलून लांबवू नये.

इंग्लंडमधल्या सेंट हेलेन्सच्या एका हंगामाला, ३१ सामन्यांत २८ ट्राय केलेल्या, एक वाक्य पुरे. दुखापतींना मात्र एक परिच्छेद द्यावा. १९८७ आणि १९८८ या दोन वर्षांत त्याचा डावा हात चार वेळा मोडला. बरा होऊन परतायचे आणि पुन्हा मोडायचा. आमचे अंशुमान गायकवाड १९७६ साली किंग्स्टनला कानावर चेंडू बसून ८१ धावांवर मैदानाबाहेर गेले, हे बडोद्याला माहीत आहे. तेच पुढे १९८३ साली जालंधरला पाकिस्तानविरुद्ध ६७१ मिनिटे उभे राहून २०१ धावा करतात, हेही माहीत आहे. या दोन गोष्टींमध्ये जे अंतर आहे, तेच मेनिंगाच्या १९८८ आणि १९८९ मध्ये आहे. ते सांगताना 'जिद्द' हा शब्द वापरू नये, असे मला वाटते. तो प्रत्येक सत्कारात वापरून गुळगुळीत झाला आहे. वर्षे आणि मोडलेला हात एवढेच सांगावे.

खेळाडू म्हणून शेवट १९९४ चा. अंतिम फेरीत कॅनबराने कँटरबरीला ३६-१२ ने हरवले आणि मेनिंगाने प्रतिपक्षाचा चेंडू मधल्या मध्ये पकडून निरोपाच्या क्लब सामन्यात ट्राय केला. हे लक्षात राहू द्यावे. पुढे उपयोगी पडणार आहे.

आता व्याख्यानाचा सांधा, जेथे बहुतेक लेखक घाई करतात. १९९४ मध्ये मोठा खेळाडू निवृत्त झाला, २००६ मध्ये मोठा प्रशिक्षक उदयाला आला, आणि मधली बारा वर्षे एका 'त्यानंतर' या शब्दात गडप होतात. तसे करू नये. १९९७ ते २००१ अशी पाच वर्षे त्याने आपल्याच कॅनबराला प्रशिक्षण दिले आणि त्यात एकही अजिंक्यपद आले नाही, हे स्पष्ट सांगावे; तीनदा विजेता ठरलेला कर्णधार आणि रिकाम्या हाताने परतलेला प्रशिक्षक एकच माणूस आहे, एकच मैदान आहे. २००१ मध्येच त्याने राजकारणात उतरायचे ठरवले आणि उमेदवारी जाहीर केल्यानंतरच्या पहिल्याच रेडिओ मुलाखतीत, अर्ध्या मिनिटाच्या आत, बोलता बोलता माघार घेतली. हा किस्सा हमखास टाळ्या घेतो, आणि म्हणूनच जपून वापरावा. मी तो एकदा सुरुवातीला सांगितला, तर लोक शेवटपर्यंत त्याच गोष्टीवर खूश राहिले. त्याची जागा येथेच, अपयशाच्या वर्षांत, आणि तीही एका वाक्यापुरती.

प्रशिक्षकाची कारकीर्द लिहिणे खेळाडूच्या कारकिर्दीपेक्षा अवघड आहे, कारण प्रशिक्षक मैदानात नसतो. येथे चार प्रश्न स्वतःला विचारून त्यांची उत्तरे टिपणात लिहावीत: तो येण्यापूर्वी काय स्थिती होती, त्याच्या हाती कोण होते, त्याने स्वतः काय बदलले, आणि तो गेल्यावर काय उरले. मेनिंगाच्या बाबतीत पहिल्याचे उत्तर सोपे आहे. २००३, २००४ आणि २००५ या तिन्ही वर्षी क्वीन्सलँड ओरिजिन मालिका हरले होते. २००६ मध्ये मेनिंगा आला आणि पहिला सामना १६-१७ असा एका गुणाने गेला. दुसरा क्वीन्सलँडने ३०-६ ने जिंकला. तिसऱ्यात, मेलबर्नला, १०-१४ अशी पिछाडी असताना आणि काही मिनिटेच उरली असताना, न्यू साउथ वेल्सच्या खेळाडूच्या हातून निसटलेला पास कर्णधार डॅरेन लॉकियरने झडप घालून उचलला आणि खांबांशी ट्राय केला. १६-१४. मेनिंगाची ओरिजिन कारकीर्द त्या एका निसटलेल्या पासावर तरली. १९९४ चा त्याचा स्वतःचा ट्राय येथे आठवून द्यावा, पण त्यावरून तत्त्वज्ञान सांगू नये. पास निसटतो तेव्हा कोणीतरी जवळ असावे लागते, एवढेच त्याच्यात आहे.

पुढे २०१३ पर्यंत सलग आठ मालिका, २०१४ मध्ये पराभव, आणि २०१५ मध्ये निर्णायक सामना ५२-६ ने जिंकून नववी. दहा वर्षांत तीस सामने, त्यांत वीस विजय. हे आकडे सांगताना बहुतेकांचा सूर आरतीचा होतो. तेथे दुसरा प्रश्न मध्ये आणावा: त्याच्या हाती कोण होते? लॉकियर, कॅमरन स्मिथ, जॉनथन थर्स्टन, बिली स्लेटर, ग्रेग इंग्लिस, कूपर क्रॉन्क. यांतले बरेचसे एकाच वेळी एका संघात होते, आणि असा योग प्रशिक्षकाने घडवलेला नसतो. मग प्रशिक्षकाचे श्रेय कोणते? माझ्या मते, अशा खेळाडूंना दरवर्षी काही आठवड्यांसाठी एकत्र आणून, ते ज्या पोशाखात उतरतात त्याचा अर्थ त्यांच्या मनात ताजा ठेवणे हे मेनिंगाचे खरे काम होते, आणि ते त्याला जमले याचे कारण १९८० च्या त्या रात्री तो स्वतः तेथे होता. बडोद्याच्या श्रोत्याला ही वाटणी समजते. फेब्रुवारी १९९९ मध्ये दिल्लीला अनिल कुंबळेने पाकिस्तानचे दहाही गडी ७४ धावांत बाद केले, तेव्हा भारताचे प्रशिक्षक अंशुमान गायकवाड होते. ते बळी कोणी त्यांच्या नावावर मांडत नाही, आणि मांडूही नये, पण ते ड्रेसिंग रूममध्ये होते, हेही पुसून टाकू नये.

देशाच्या रकान्यात प्रशिक्षक म्हणून २०१६ पासूनच्या नोंदी येतात. येथे वर्षांचा एक सापळा आहे. २०१७ चा विश्वचषक ऑस्ट्रेलियाने ब्रिस्बेनला इंग्लंडला ६-० ने हरवून जिंकला, हे सरळ आहे. त्यापुढचा विश्वचषक '२०२१ चा' म्हणून ओळखला जातो, पण कोरोनामुळे पुढे ढकलला जाऊन तो २०२२ मध्ये झाला आणि अंतिम सामना १९ नोव्हेंबर २०२२ रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर झाला, सामोआविरुद्ध ३०-१०. टिपणात दोन्ही वर्षे लिहावीत. अन्यथा रकान्यांची ओळ चुकते आणि प्रश्नोत्तरांत कोणीतरी नेमके तेवढेच पकडतो. ओल्ड ट्रॅफर्डवर १९९० साली त्याने काय केले होते, हे येथे आठवल्यास श्रोते आपण होऊन माना डोलावतात. आणि २०२३ मध्ये न्यूझीलंडने त्याच्या ऑस्ट्रेलियाला ३०-० ने हरवले, हेही त्याच शाईने लिहावे. पराभव बारीक अक्षरांत लिहिण्याची आपल्या गौरवलेखांची सवय मला कधीच पटली नाही.

२०१८ साली तो 'इमॉर्टल' ठरला, म्हणजे ऑस्ट्रेलियन लीगच्या सर्वोच्च मानाचा तेरावा मानकरी. ही नोंद सुरुवातीला परिचयात सांगितल्यास बरी, शेवटी सांगितल्यास ती समारोपाच्या हारासारखी वाटते.

प्रश्नोत्तरांसाठी पंधरा मिनिटे राखावीत. बडोद्यात दोन प्रश्न ठरलेले आहेत: "आपल्याकडे हा खेळ का रुजला नाही?" आणि "तो क्रिकेट खेळला असता तर?" दुसऱ्याला हसून सोडून द्यावे. पहिल्याला कबड्डीकडे बोट दाखवावे आणि मुलांना पुन्हा उशी घेऊन उभे करावे, कारण तोवर मागच्या रांगेतल्या कोणाला तरी सहावी पकड कशी मोजतात ते पुन्हा पाहायचे असते.

टिपणाचा कागद जपून ठेवावा, आणि त्याच्या पहिल्या रकान्यात खाली दोन बोटे जागा कोरी सोडावी. मेनिंगाने २०२५ मध्ये पर्थ बेअर्स या नव्या क्लबाचे प्रशिक्षकपद स्वीकारले आहे, आणि त्या क्लबाचा पहिला हंगाम २०२७ मध्ये आहे.